आईचा टीव्ही दुरून चालवायचा आहे: पायथनची लायब्ररी वापरून कुणी केलंय का?

तारयंत्र | रविवार, रात्री १०:१५

आई एकटी राहते, माझ्यापासून रात्रभराच्या प्रवासाइतकी लांब. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तिला जवळचं बारीक दिसत नाही, आणि रिमोटवरची बटणं काळ्यावर करडी. आवाज वाढवायला जाते आणि बोट पडतं 'सोर्स'वर. पडदा काळा, मधोमध 'सिग्नल नाही'. मग मला फोन.

पुढची वीस मिनिटं ठरलेली. "आई, वरून तिसरी ओळ, डावीकडचं." "डावीकडे दोन आहेत रे." "त्यातलं लांबट." "दोन्ही लांबट आहेत." शेवटी ती म्हणते, "राहू दे, नाहीतरी मालिका संपलीच." हे वाक्य मला फार लागतं.

म्हणून ठरवलं की तिचा टीव्ही आपण इथून परत जाग्यावर आणायचा. तिच्याकडे आणि माझ्याकडे एकाच घराण्यातले टायझेनवर (सॅमसंगच्या टीव्हींची कार्यप्रणाली) चालणारे सॅमसंग आहेत. आधी घरच्या टीव्हीवर प्रयोग केला. सॅमसंग-टीव्ही-डब्ल्यूएस नावाची पायथन लायब्ररी (तयार प्रोग्रामचा संच) पिप या साधनाने बसवली, टीव्हीचा आयपी पत्ता (घरच्या नेटवर्कवरचा) दिला, 'की_व्हॉल-अप' ही किल्ली, म्हणजे आवाज वाढवायच्या बटणाचा हुकूम, पाठवली आणि आवाज एका अंकाने वाढला. खुर्चीतून उठून उभा राहिलो मी!

पण तीन ठिकाणी अडलोय:

प्रोग्राम चालवला की दर वेळी पडद्यावर 'या उपकरणाला परवानगी द्यायची का?' अशी खिडकी येते. आईसमोर ती आली तर ती घाबरून टीव्हीच बंद करेल.

टीव्ही एकदा बंद झाला की लायब्ररीतून चालू होत नाही, जोडणीच मिळत नाही.

आणि मुख्य म्हणजे, हे सगळं एकाच वायफायवर चालतं. लांबून कसं करायचं? तिच्या राउटरवर टीव्हीचं पोर्ट (नेटवर्कवरचं क्रमांकाचं दार) बाहेर उघडावं का?

दीपमाळ | रविवार, रात्री १०:३१

तिसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण ते तुम्ही आज रात्रीच करून बसाल अशी भीती वाटते. पोर्ट उघडू नका. टीव्हीच्या दारावर राखणदार म्हणून फक्त तीच परवानगीची खिडकी आहे. बाहेरून कुणीही दार वाजवलं की ती आईंच्या पडद्यावर येणार, आणि 'मुलाचंच काहीतरी असेल' म्हणून आई 'हो' दाबणार. बाकीचं उद्या सविस्तर लिहिते.

शून्यप्रहर | रविवार, रात्री ११:०८

पहिल्या प्रश्नाकडे येतो.

२०१६ पासूनचे टायझेनवाले सॅमसंग टीव्ही वेबसॉकेटवर (दोन्ही बाजूंनी बोलता येईल अशा उघड्या जोडणीवर) बोलतात. पोर्ट दोन: ८००१ साधं आणि ८००२ कूटबद्ध. सुरुवातीच्या मॉडेलांचं ८००१ वर भागत होतं, नंतरच्यांना ८००२ आणि टोकन (परवानगीची खूण) लागतं. (त्याआधीच्या, साधारण २०१० ते २०१३ च्या टीव्हींची भाषाच वेगळी होती, पोर्ट ५५०००. जुने लेख वाचून लोक तिथे तासन् तास घालवतात, म्हणून सांगून ठेवतो.)

जोडणी करताना तुमचा प्रोग्राम स्वतःचं एक नाव बेस-६४ या सांकेतिक रूपात गुंडाळून पाठवतो. टीव्ही ते नाव पडद्यावर दाखवून विचारतो. 'हो' म्हटलं की जोडणी झाल्याचा जो पहिला संदेश परत येतो, त्यातच टोकन असतं. पुढच्या वेळी तेच नाव आणि तेच टोकन दिलं तर टीव्ही गप्प आत घेतो. नाव बदललं किंवा टोकन हरवलं की तुम्ही त्याच्या लेखी पुन्हा परके.

लायब्ररीला टोकनची फाइल कुठे ठेवायची ते सांगता येतं. तुम्ही सांगितलंय का? आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये बाहेरच्या उपकरणांच्या यादीत 'ॲक्सेस नोटिफिकेशन' आहे, ते 'फर्स्ट टाइम ओन्ली'वर आहे का पाहा. त्याच यादीत चुकून 'नको' दाबलेली उपकरणंही पडून असतात. तुमचं नाव तिथे अडकलं असेल तर काढून टाका, नाहीतर कितीही टोकनं घासा, दार उघडणार नाही.

तारयंत्र | सोमवार, सकाळी ७:२०

शून्यप्रहर, सापडलं! फाइलचं नाव दिलं होतं, पण पूर्ण मार्ग दिला नव्हता. हाताने चालवला की टोकन माझ्या होम फोल्डरमध्ये पडायचं, आणि वेळापत्रकाने आपोआप चालला की दुसऱ्याच फोल्डरमध्ये शोधायचा. तिथे फाइल नाही, म्हणून टीव्ही पुन्हा विचारायचा. पूर्ण मार्ग दिल्यापासून खिडकी आलेली नाही. रात्रभर दर पंधरा मिनिटांनी जोडून पाहिलं, एकदाही नाही.

वेणूताई | सोमवार, सकाळी ९:४५

मला प्रोग्रामिंगमधलं काही कळत नाही, पण धाग्याचं नाव वाचून आत आले आणि एक विचारल्यावाचून राहवत नाही. आईंना हे सांगितलंय का?

माझ्या सासूबाई शेवटची सहा वर्षं एकट्या राहत होत्या. त्यांच्या भाच्याने असंच काही करून घरातले दिवे फोनवरून चालू-बंद होतील अशी सोय केली. त्याने ते मनापासून केलं, त्यात शंका नाही. पण सासूबाईंना न विचारता. एका संध्याकाळी त्याने तिकडून दिवा लावून पाहिला आणि त्या रात्री त्या झोपल्या नाहीत. घरात कुणीतरी आहे असं वाटून दाराला खुर्ची लावून बसल्या. आपल्या हाताबाहेर घरातली वस्तू हलली की म्हातारं माणूस आधी स्वतःवरच शंका घेतं, 'मीच विसरले का?' म्हणून.

टीव्हीचं तर विचारूच नका. त्या मालिका बघत असतील आणि तुम्ही तिकडून मदत म्हणून काही दाबलंत तर?

कडीकोयंडा | सोमवार, सकाळी १०:०२

वेणूताईंशी सहमत, आणि त्याच्या पुढे जाऊन म्हणतो, एवढा खटाटोप हवाच कशाला? सहा बटणांचे मोठ्या अक्षरांचे शिकाऊ रिमोट मिळतात. मूळ रिमोट समोर धरून एकेक बटण शिकवायचं, सोर्सचं बटण शिकवायचंच नाही. जे बटण नाही ते चुकून दाबलं जाणार नाही. संपला प्रश्न. वायफाय नको, टोकन नको, पायथन नको.

तारयंत्र | सोमवार, दुपारी १:१०

वेणूताई, नाही सांगितलं. तुमचा प्रतिसाद वाचून सकाळचं काम बाजूला राहिलं. आज रात्री बोलतो तिच्याशी.

कडीकोयंडा, तसा रिमोट दिला होता. पण टीव्ही दुसऱ्या कारणांनीही भरकटतो. तिच्या टीव्हीला सेट-टॉप बॉक्स एचडीएमआय एकवर, म्हणजे टीव्हीच्या पहिल्या खोबणीत, आहे. वीज जाऊन आली की कधीकधी टीव्ही स्वतःच्या होम पडद्यावर उघडतो. तिथून बाहेर पडायला तर तिला आणखी जास्त बटणं लागतील.

जुनाट_रेडिओ | सोमवार, दुपारी ३:३०

थोडं अवांतर, पण विषयाला धरून.

टीव्हीचा पहिला बिनतारी रिमोट १९५५ चा, झेनिथ कंपनीचा फ्लॅश-मॅटिक. यूजीन पॉली यांनी केलेला. दिसायला पिस्तुलासारखा, आणि खरं तर ती विजेरीच. टीव्हीच्या चार कोपऱ्यांत चार प्रकाशनेत्र. एका कोपऱ्यावर झोत टाकला की आवाज बंद, दुसऱ्यावर टाकला की चॅनेल पुढे. पण खिडकीतून ऊन पडलं की तेही नेत्रांना झोतच वाटायचं आणि चॅनेल आपोआप बदलायचं. पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, रॉबर्ट ॲडलर यांनी स्पेस कमांड काढला. त्यात बॅटरीच नव्हती! बटण दाबलं की आतली छोटी हातोडी ॲल्युमिनियमच्या कांडीवर आपटायची, आणि माणसाला ऐकू न येणारा उंच स्वर टीव्ही ऐकायचा. चार कांड्या, चार स्वर. त्यालाही किल्ल्यांच्या जुडग्याचा खुळखुळाट कधीकधी हुकूम वाटायचा.

मग इन्फ्रारेड आलं. आपल्या रिमोटमधला दिवा सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतो आणि त्या लुकलुकण्याच्या तुकड्यांत संदेश असतो. एनईसी पद्धतीत आधी ९ मिलिसेकंदांची लांब हाक, ४.५ मिलिसेकंद शांतता, मग ३२ बिट. त्यात प्रत्येक आठ बिटांमागोमाग त्यांचंच उलटं रूप पाठवतात, म्हणजे ऊन, ट्यूबलाइट यांचा गोंधळ मध्ये शिरला तर ओळखू यावा. फ्लॅश-मॅटिकची खोड अशी निस्तरली.

हे सगळं सांगायचं कारण, इन्फ्रारेड एकतर्फी आहे. रिमोट बोलतो, टीव्हीने ऐकलं का ते त्याला कधीच कळत नाही. तारयंत्र यांच्या वेबसॉकेटमध्ये टीव्ही उलट बोलतो. लांबून काही करायचं तर हे उलट बोलणंच महत्त्वाचं, कारण पडदा तुमच्या समोर नसतो.

मृद्गंध | सोमवार, दुपारी ४:०५

जुनाट_रेडिओ काका, हातोडी आणि कांडी! आता घरातल्या प्रत्येक रिमोटकडे बघताना हे आठवणार. वाचनखूण साठवली.

चौथी_खिडकी | सोमवार, संध्याकाळी ६:५०

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वेक-ऑन-लॅन.

टीव्ही बंद झाला की वेबसॉकेट ऐकणारा प्रोग्रामही झोपतो, म्हणून लायब्ररीला जोडणी मिळत नाही. पण नेटवर्कची चिप अर्धवट जागी ठेवता येते. तिला एक ठरावीक पाकीट लागतं: सहा बाइट सगळे एफएफ (म्हणजे सगळे बिट एक), आणि त्यापुढे टीव्हीचा मॅक पत्ता (नेटवर्क चिपचा सहा बाइटांचा क्रमांक) सोळा वेळा. एकूण १०२ बाइट. पायथनमध्ये हे चार-पाच ओळींत स्वतः लिहिता येतं, लायब्ररीचीही गरज नाही.

माझे यात तीन शनिवार गेले, त्यातून शिकलेलं सांगते. टीव्हीला मॅक पत्ते दोन असतात, वायफायचा वेगळा आणि तारेचा वेगळा. मी वायफायवरच्या टीव्हीला तारेच्या पत्त्याने उठवत बसले होते. दुसरं, हे पाकीट घरभर हाक मारतं आणि राउटरच्या बाहेर जात नाही. म्हणजे लांबून पाठवता येणारच नाही, आईंच्या घरात हाक मारणारं काहीतरी हवं. रास्पबेरी पाय (पत्त्याच्या पानाएवढा छोटा संगणक, थोडक्यात 'पाय') पुरे.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. पॉवरची की ही 'चालू कर' किंवा 'बंद कर' नाही, ती 'उलट कर' आहे. टीव्ही आधीच चालू असेल आणि तुम्ही ती पाठवलीत तर ऐन रंगात आलेली मालिका तुम्हीच बंद कराल. म्हणून आधी स्थिती विचारा. ८००१ पोर्टवर 'एपीआय व्ही-२' हा पत्ता साध्या एचटीटीपीने उघडला की टीव्ही आपली माहिती देतो, आणि बऱ्याच नव्या मॉडेलांत त्यात 'पॉवर-स्टेट' असतं, ऑन किंवा स्टँडबाय. ते वाचा, मगच पाठवा.

तारयंत्र | सोमवार, संध्याकाळी ७:१५

आणि रात्री झोपताना आई भिंतीवरचा स्विच बंद करते. तेव्हा?

चौथी_खिडकी | सोमवार, संध्याकाळी ७:१८

तेव्हा काही नाही. वीजच नसेल तर ऐकायला चिप जागी नाही. पण तो स्विच तिचा तिला सापडतो ना? मग तो तिच्याकडेच राहू द्या.

ओवी | सोमवार, रात्री ९:००

आमच्याकडे एलजीचा वेबओएस टीव्ही आहे. त्याचंही वेबसॉकेटच, पण पोर्ट ३००० आणि कूटबद्ध ३००१. टोकनच्या जागी 'क्लायंट-की'. मी पाय-वेबओएस-टीव्ही ही लायब्ररी वापरते. मला त्यातली आवडलेली गोष्ट म्हणजे आवाज एकेका पायरीने चढवावा लागत नाही, थेट 'आवाज १८ कर' असं सांगता येतं. सॅमसंगला किल्ल्या पाठवताना तुम्ही दहा वेळा 'वाढव' म्हणता आणि दोन मध्येच गळाल्या तर कळत नाही.

माझे सासरे जवळपास बहिरे झालेत. दाराची घंटा त्यांना ऐकू येत नसे, येणारी माणसं परत जायची. वेबओएसला पडद्यावर छोटी सूचना दाखवायचा एक हुकूम आहे, 'क्रिएट-टोस्ट'. घंटेच्या बटणाला एक ईएसपी बोर्ड (वायफाय असलेली छोटी चिप) जोडला, तो माझ्या प्रोग्रामला सांगतो आणि टीव्हीच्या कोपऱ्यात पाटी येते: 'दारात कुणीतरी आलंय'. पहिल्यांदा ती पाटी आली तेव्हा बाबा उठून दार उघडून आले आणि मला म्हणाले, "तू न सांगता उघडलं मी." एवढंच म्हणाले. त्या दिवसानंतर मी त्या प्रोग्रामची दोन ठिकाणी प्रत ठेवली आहे.

वेणूताई, तुमचं म्हणणं पटलं. पण सगळं दुरून चालवणं वाईट नसतं. कुणासाठी आणि कुणाच्या हाताने, यावर आहे ते.

वेणूताई | सोमवार, रात्री ९:२५

ओवी, डोळ्यांत पाणी आलं वाचून. अगदी हेच म्हणायचं होतं मला, नीट मांडता आलं नव्हतं. तुमच्या बाबांनी दार स्वतः उघडलं.

मग तारयंत्र, एक विचारू? ते 'परत जाग्यावर आण' बटण तुमच्या फोनवरच का हवं? आईंच्या खुर्चीजवळ का नको?

शून्यप्रहर | सोमवार, रात्री ९:४०

वेणूताई, प्रोग्रामिंग कळत नाही म्हणता आणि सगळ्यांत चांगला आराखडा तुम्हीच दिलात.

तारयंत्र | सोमवार, रात्री ११:५०

आईशी बोललो. सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे मी काय बघते ते तुला तिथे दिसणार?" नाही म्हटलं, पडदा दिसत नाही, फक्त बटणं दाबता येतात. "मग चालेल. पण मी सांगितल्याशिवाय दाबायचं नाही."

वेणूताईंची कल्पना सांगितली तेव्हा मात्र लगेच म्हणाली, "मोठं असू दे. आणि एकच."

मृद्गंध | मंगळवार, सकाळी ८:३०

आईंना नमस्कार सांगा! आमच्या आजीकडे अँड्रॉइड टीव्ही आहे. त्याला कुठली लायब्ररी?

शून्यप्रहर | मंगळवार, सकाळी ९:१२

'अँड्रॉइड-टीव्ही-रिमोट-२' नावाची पायथन लायब्ररी आहे. फोनमधला गूगलचा रिमोट ज्या पद्धतीने बोलतो तीच ती वापरते. ६४६७ पोर्टवर ओळख होते: टीव्हीवर सहा अक्षरी संकेत येतो, तो प्रोग्रामला द्यायचा, आणि त्यावरून दोघांची प्रमाणपत्रं पक्की होऊन पुढचं बोलणं ६४६६ वर. डेव्हलपर पर्याय उघडून एडीबी (प्रोग्रामरांसाठीचं अँड्रॉइडचं मागचं दार), पोर्ट ५५५५, हा जुना मार्गही चालतो. पण एडीबीतून टीव्हीवर ॲप बसवण्यापर्यंत सगळं करता येतं, नुसत्या आवाजासाठी घराची सगळी किल्लीजुडी देऊ नये.

सोनी ब्राव्हियात सेटिंगमध्ये आपणच एक गुप्त शब्द ठरवतो आणि तो प्रत्येक विनंतीच्या शीर्षकात पाठवतो. तिथे पॉवर 'चालू' आणि 'बंद' असे वेगळे सांगता येतात, उलटापालटीची भानगड नाही. रोकूचं सगळ्यात सरळ: पोर्ट ८०६०, साधी एचटीटीपी विनंती, पत्त्यातच किल्लीचं नाव. पासवर्ड नाही, म्हणून सेटिंगमधून ते मर्यादित किंवा बंद करायची सोय आहे.

कडीकोयंडा | मंगळवार, दुपारी १२:४०

मी काल 'कशाला' म्हणालो होतो, ते मागे घेतो. खुर्चीजवळचं एकच बटण हे मला पटलं. आणि आता पाय आईंच्या घरी बसणारच असेल, तर अर्धा प्रश्न वायफायशिवाय सुटतो.

एचडीएमआयच्या तारेत चित्राशिवाय आणखी एक बारीक वाट असते, तेराव्या पिनवर. तिला सीईसी म्हणतात. कंपन्यांनी तिला आपापली नावं दिली आहेत: सॅमसंगकडे एनीनेट-प्लस, एलजीकडे सिम्प्लिंक, सोनीकडे ब्राव्हिया सिंक. सेटिंगमध्ये ती चालू असली पाहिजे. पायची एचडीएमआय तार टीव्हीच्या रिकाम्या खोबणीत लावा, लिब-सीईसी ही लायब्ररी बसवा, आणि तिच्यातल्या सीईसी-क्लायंटला हे चार बाइट पाठवायला सांगा:

४एफ:८२:१०:००

उलगडून सांगतो. पहिल्या बाइटातला ४ म्हणजे बोलणारा एक प्लेअर आहे, एफ म्हणजे सगळ्यांना उद्देशून. ८२ म्हणजे 'मी आता चित्र दाखवतोय'. शेवटचे दोन बाइट म्हणजे पत्ता १.०.०.०, टीव्हीची पहिली खोबणी. पाय स्वतः दुसऱ्या खोबणीत असला तरी तो पहिल्या खोबणीच्या वतीने हाक देतो आणि टीव्ही एचडीएमआय एकवर जातो. तिथे आईंचा सेट-टॉप बॉक्स. त्याआधी 'इमेज व्ह्यू ऑन', म्हणजे ०४, पाठवलं तर झोपलेला टीव्हीही उठतो, आणि टीव्ही चालू असेल तर त्याने बंद पडत नाही. चौथी_खिडकी यांनी सांगितलेली उलटापालट इथे नाहीच.

सीईसी फार संथ आहे. एक बिट जायला २.४ मिलिसेकंद, म्हणजे हे चार बाइट जायला सेकंदाचा दहावा भाग. पण मालिकेला तेवढं पुरतं.

तारयंत्र | मंगळवार, दुपारी १:०५

कडीकोयंडा, आत्ता माझ्या टीव्हीवर केलं. मुद्दाम होम पडद्यावर गेलो, चार बाइट पाठवले, आणि टीव्ही गेला एकवर! मी आठवडाभर सोर्सची यादी उघडून बाणाच्या किल्ल्या मोजून पाठवत होतो, आणि मध्ये सेकंदभर थांबलं नाही तर त्या चुकत होत्या.

चौथी_खिडकी | मंगळवार, दुपारी २:२०

एक खबरदारी. सीईसीत नियम ठरलेले आहेत, पण प्रत्येक टीव्ही ते सारखेच पाळत नाही. माझ्याकडच्या एका जुन्या टीव्हीने ०४ ला दाद दिली आणि ८२ कडे दुर्लक्ष केलं. आईंच्या टीव्हीवर प्रत्यक्ष करून पाहिल्याशिवाय भरवसा ठेवू नका. आणि वायफायची लायब्ररी टाकून देऊ नका, सीईसी चुकलं तर तीच कामी येईल.

दीपमाळ | मंगळवार, संध्याकाळी ५:१५

कबूल केलेलं आता लिहिते. बटण आईंकडे गेलं तरी पाय बिघडला तर तुम्हाला आत शिरता आलं पाहिजे.

घराच्या जोडणीला बहुतेक वेळा बाहेरून थेट पोचता येईल असा स्वतःचा पत्ता नसतो, एकच पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो. म्हणून बाहेरून आत जाण्याऐवजी आतून बाहेर यायचं. पायवर वायरगार्ड (दोन उपकरणांमधला कूटबद्ध खासगी बोगदा) बसवा. तुमच्याकडे जाहीर पत्ता असलेला एखादा भाड्याचा सर्व्हर असेल तर पाय स्वतःहून त्याला जाऊन मिळेल, आणि तुम्हीही तिथूनच त्याला भेटाल. वायरगार्डच्या सेटिंगमध्ये 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' २५ ठेवा. दर २५ सेकंदांनी एक छोटं पाकीट जातं आणि राउटर ती वाट विसरत नाही. सर्व्हर नसेल तर टेलस्केल ही तयार सेवा, तीही आतून वायरगार्डच आहे. आईंच्या राउटरवर एकही पोर्ट उघडावं लागत नाही.

काही बारीक गोष्टी. राउटरमध्ये टीव्ही आणि पाय यांचे पत्ते कायमचे राखून ठेवा, नाहीतर वीज जाऊन आली की टीव्ही दुसऱ्याच पत्त्यावर राहायला जातो. आणि दोघांना पाहुण्यांच्या वायफायवर टाकू नका, तिथे उपकरणं एकमेकांना दिसत नाहीत. टोकनची फाइल फक्त तुमच्या खात्याला वाचता येईल अशी ठेवा, आणि कोड कुठे जाहीर टाकणार असाल तर ती त्यात जाऊ देऊ नका.

जुनाट_रेडिओ | मंगळवार, रात्री ८:४०

बटणाबद्दल एक. म्हातारं बोट बटण एकदा दाबत नाही. दाबतं, काही झालं नाही वाटून पुन्हा दाबतं, मग धरून ठेवतं. टीव्ही जागा व्हायला काही सेकंद घेतो, तेवढ्यात चार हुकूम साठतील. बटणात दिवा असू द्या. दाबताक्षणी दिवा लागला की 'ऐकलं' असं कळतं आणि हात थांबतो.

तारयंत्र | तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री ९:३०

आईकडून कालच परतलो. केलं ते लिहितो.

पाय टीव्हीच्या मागे, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने. तिथून तार भिंतीच्या कडेने खुर्चीच्या हातापर्यंत. बटण तळहाताएवढं, आत दिवा. एक टोक पायच्या पिनला, दुसरं त्याच्याच ग्राउंडच्या (शून्य व्होल्टच्या) पिनला, पायमधलाच आतला पुल-अप रोध वापरला. दाबलं की दिवा लागतो आणि पुढचे आठ सेकंद प्रोग्राम बाकीचं दाबणं सोडून देतो. जुनाट_रेडिओ काका, तुमच्या सांगण्यावरून केलं आणि पहिल्याच संध्याकाळी आईने सलग पाच वेळा दाबलं. काही बिघडलं नाही.

क्रम असा: ०४ पाठव, तीन सेकंद थांब, चार बाइट पाठव. तिच्या टीव्हीने पहिल्या दिवशी थंड अवस्थेत ८२ कडे लक्ष दिलं नाही. थांबण्याचा वेळ तीनवरून सहावर नेला आणि मग रोज ऐकलं. वायफायच्या लायब्ररीकडे आता एकच काम उरलंय, ८००१ वर टीव्हीची स्थिती विचारून नोंदवहीत लिहायचं. दुरून माझ्यासाठी वायरगार्ड आहे, टेलस्केलमधून. इथून जाऊन प्रोग्राम बदलता येतो. टीव्हीला हुकूम देणारा भाग मात्र माझ्या फोनवर ठेवलेलाच नाही.

नोंदवही आज उघडली. निघाल्यापासून बटण चार वेळा दाबलंय. फोन एकदा आला, संध्याकाळी, मालिका संपल्यावर. गोष्ट सांगायला.

ओवी | शनिवार, रात्री ९:४८

हा धागा मी आमच्या बाबांना वाचून दाखवणार आहे. म्हणजे, लिहून दाखवणार आहे.

मृद्गंध | शनिवार, रात्री १०:०५

तारयंत्र दादा, बटणाचा प्रोग्राम इथे द्याल का? आजीच्या टीव्हीला सीईसी आहे, आत्ताच सेटिंगमध्ये पाहिलं.

तारयंत्र | शनिवार, रात्री १०:२०

देतो, उद्या टोकनचा भाग काढून टाकतो. आजीच्या टीव्हीवर बॉक्स कुठल्या खोबणीत आहे ते आधी बघून ठेव. दुसऱ्या खोबणीत असेल तर शेवटचे दोन बाइट २०:००.

वेणूताई | शनिवार, रात्री १०:३२

बटण कुठल्या रंगाचं घेतलंत?

तारयंत्र | शनिवार, रात्री १०:३५

पिवळं. तिनेच निवडलं. निळं आणि हिरवं तिला संध्याकाळी सारखंच दिसतं.